बुटक्या वेलीचं फूल

१२ मार्च

तीर्थरूप बाबांस,

नमस्कार. तब्येतीची चौकशी, आईला मिठी, हे सगळं आलंच असं समजा, कारण मला आधी बातमी सांगायची आहे. आपली बुटकी वेल फुलली.

हो, तीच. जिच्यावरून तुम्ही माझंही नाव बुटकी पाडलंत, आणि ‘कंबरेच्या वर जात नाही, खुशाल खिडकीत ठेवा’ असं गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत आपल्या रोपवाटिकेत विकता, ती. तिची काडी मी कीड नाही ना हे रीतसर तपासून घेऊन इथे, या परमुलखातल्या बागेत आणली, काचघरात लावली, आणि आता ती छताला टेकली आहे. फूल बघायला शिडी लागली. जांभळं आहे, तळहाताएवढं. आपल्या घरात कुणी ते पाहिलेलंच नाही.

सुरुवातीला मी तुमच्यासारखीच रोज सकाळी पानं उलटून अळ्या शोधायचे. एकही सापडेना. शेवटी आमच्या मुख्य माळीणबाई हसून म्हणाल्या, “अगं, किती शोधशील? ती अळी तुमच्याकडेच राहिली.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबा, ती जात बुटकी नाहीच. शेंडा वर आला की अळी तो खायची, आणि आपण तेवढीच तिची उंची समजत बसलो. आता गिऱ्हाइकांना काय तोंड दाखवणार तुम्ही?

काल मी ज्याला त्याला हाताला धरून शिडीवर चढवत होते. घसा बसला बोलून. इथे मी फार बोलते, बाबा, आणि मोठ्याने हसते.

लग्न मोडून मी घरी आले, तेव्हा तुम्ही दारात उभे राहून आत्याला, शेजारच्या काकूंना वाटेला लावायचात. “आत्ताच झोपली आहे,” असं सांगायचात. मी आत जागीच असायचे. हिचं आता कसं होणार, असं विचारणारं इथे कुणी नाही. इथे मी टाकलेली बायको नाही, वेलवाली आहे.

माळीणबाईंनी कायमचं राहतेस का म्हणून विचारलं. पाटीवर तुम्ही ‘बाप-लेक रोपवाटिका’ असं रंगवून घेतलंत, हे आईने कळवलं होतं. वाचून रडले. तरी मी हो म्हणाले. भेटायला येईन, बाबा, पण राहायला आता येणार नाही.

रागवा हवं तर. पण तुम्ही रोज त्या अळ्या वेचल्या नसत्यात, तर इकडे आणायला काडीसुद्धा उरली नसती. माझंही तेच आहे.

दुसरी कळी फुगली आहे. आईला घेऊन या. शिडी मी धरते, तुम्ही चढा.

तुमचीच, आणि हे नाव मात्र बदलायचं नाही,
बुटकी