अमावस्येला इंजिन चालू ठेवण्याबाबत

मी, नागोजी बसवंत हलगेकर, धंदा विणकाम, राहणार वडगाव, तालुका व जिल्हा बेळगाव, कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि डोके ठिकाणावर असताना (याबाबत माझे मेव्हणे मष्णू यांचे मत वेगळे आहे) माझ्या मागे कशाचे काय व्हावे ते लिहून ठेवतो. शाळा मला फारशी लाभली नाही. तरी चुका अक्षरांत काढाव्यात, हेतूत काढू नयेत.

१. राहते घर व पोस्टातली शिल्लक माझी पत्नी दुर्गाबाई हिची. तिच्या पश्चात मुलगा शामू याची. शामू कचेरीत कारकून आहे. घर गळते हे त्याला अर्ज केल्याशिवाय दिसत नाही, म्हणून इथेच कळवून ठेवतो.

२. माझा मोठा पाना आमच्या वीजमंडळीचे इंजिनवाले कल्लाप्पा यांना द्यावा. तो गेली कित्येक वर्षे त्यांच्याच पिशवीत आहे. आता तो त्यांनी उजळ माथ्याने वापरावा.

३. घरातला चालता माग सून अंजनी हिच्या नावे करतो. शामूने वाईट वाटून घेऊ नये. धोटा कुठल्या हातातून कुठल्या हातात जातो हे त्याला अजून कळलेले नाही, आणि अंजनीच्या लुगड्याचा काठ शहापूरच्या बाजारात ओळखला जातो.

४. वडगाव वीजमंडळीतले माझे भाग, म्हणजे शेअर, तेही अंजनीलाच. याचे कारण सविस्तर लिहिणे भाग आहे.

ही मंडळी आम्ही विणकरांनी मिळून काढली. एक तेलाचे इंजिन, एक डायनामो आणि कुठल्याही गोष्टीवर मते माणशी दोन. आमच्यात अमावस्येला माग बंद असतात, त्या दिवशी मागाला हळदकुंकू वाहून विसावा देतात. तोच नियम आम्ही इंजिनालाही लावला. त्याला नारळ फोडला, हार घातला आणि बंद ठेवले. महिन्यातल्या सगळ्यात काळ्या रात्री सगळे वडगाव अंधारात, आणि पौर्णिमेला रस्त्यावरचे दिवे चांदण्याशी स्पर्धा करतात. हे आम्हा शहाण्यांपैकी कोणाच्याच ध्यानात आले नाही. दुर्गाबाई अशाच एका अमावस्येला विहिरीच्या पायरीवर घसरली आणि कायमची कुबडीला लागली. अंथरुणावरून ती एवढेच म्हणाली, "चांदण्यात दिवे लावतासा आन् काळोखात इंजनाला निजवतासा. लई शानी मंडळी हाय तुमची."

मी अध्यक्ष होतो. इंजिनाची सुट्टी पौर्णिमेवर न्यावी असा ठराव मांडला. मष्णू, म्हणजे दुर्गाबाईचा सख्खा भाऊ, उभा राहिला. "दाजी, मागानं विसावा घ्यायचा आन् इंजनानं न्हाय, ह्यो कुठला न्याय? कोपलं तर?"

मी म्हणालो, "कोपलं तर तुझ्या अंगावर कोपंल का माझ्या?"

"इंजनाच्या पट्ट्यावर कोपंल."

ठराव एका मताच्या फरकाने पास झाला आणि पहिल्याच अमावस्येला पट्टा तुटला. मष्णूने गल्लीभर गूळ वाटला. त्यानंतर पट्टा एरवीच्या दिवशीही पुष्कळदा तुटला, तेव्हा मात्र गूळ आला नाही, याची नोंद राहावी.

ते एक मत माझे होते. मंडळीच्या नियमाप्रमाणे ज्याचा स्वतःचा माग चालतो तोच सभासद. शामूला माग नाही, म्हणजे मी गेलो की माझे मत गळाले, सुट्टी परत अमावस्येवर आली आणि विहिरीची पायरी परत अंधारात. म्हणून आधी माग आणि मग भाग, असा क्रम लावला आहे. बाईने सभासद होऊ नये असे नियमात नाही. ते लिहायचे कोणाला सुचले नाही, इतकेच.

<s>अट : अंजनीने प्रत्येक सभेत अमावस्येला दिवे चालू ठेवण्याच्याच बाजूने हात वर करावा.</s>

वरची अट मी स्वतः खोडली आहे व बाजूला सही केली आहे. ती वाचून दाखवल्यावर अंजनी म्हणाली, "मामंजी, हात माझा तर मत बी माझंच. पटलं तर वर करीन, न्हाय पटलं तर न्हाय. आसं चालत आसंल तर माग द्या." मी दोन दिवस फुगून बसलो. मग ध्यानात आले, की सांगितल्याबरोबर वर होणारे हात मंडळीत आधीच भरपूर आहेत. भाग विनाअट तिचे.

५. इंग्रज निघाले आहेत. उद्या आपले सरकार अशा सगळ्या मंडळ्या एकत्र करून वीज स्वतः चालवील असे ऐकतो. तसे झाले तर आनंदच आहे. तारा कंग्राळीपासून कोगनोळीपर्यंत जाव्यात. साहेब कोणीही असो, त्याने नियम करण्याआधी संध्याकाळी पाणी भरणाऱ्या बायांना एकदा विचारावे.

६. मष्णू यांना मी काहीही ठेवत नाही, कारण वारसाला साक्ष घालता येत नाही, आणि मला ते साक्षीलाच हवे आहेत, म्हणजे हे मृत्युपत्र आपल्याला ठाऊकच नव्हते असे त्यांना पुढे म्हणता येऊ नये.

हे लिहिलेले माझे आहे व मला मान्य आहे.

मुक्काम वडगाव, तारीख १८ मे १९४७
नागोजी बसवंत हलगेकर (सही)

साक्षीदार :

१. जोतिबा भावकू पाटील, शेती, कंग्राळी (सही)

२. मष्णू परशराम मुतगेकर, विणकाम, वडगाव (सही). मजकूर माझ्यासमोर वाचला. कलम चार मला पटलेले नाही. अट खोडली हे बरे झाले. अंजनीला समजावण्यासाठी उद्या सकाळी येतो, आक्काने चहा ठेवावा.