नरडाण्याचे दोन ससे

नरडाणा,
ता. २१ नोव्हेंबर १९३७, रविवार

चि. इंदिरेस,

आबाचा आशीर्वाद. मी बरा आहे. तूही असशील, असं धरून चालतो. थंडी पडू लागली आहे. मालधक्का कपाशीच्या गाठींनी भरलेला असतो, त्यामुळे आम्हा कारकुनांना मान वर करायला सवड नाही. तुझा पत्ता एरंडोलच्या तोताराम मास्तरांनी दिला. धुळ्यात मुलींच्या शाळेत शिकवतेस म्हणाले. ऐकून बरं वाटलं.

तीन वर्षांनी लिहायला बसलो, तर काय लिहावं सुचत नाही. सशांचं लिहितो.

आमचे स्टेशनमास्तर दसऱ्यानंतर सुरतेकडे बदलून गेले. त्यांच्या मुलींनी पाळलेले दोन पांढरे ससे त्यांनी माझ्या गळ्यात घातले. नाही म्हणता आलं नाही. तुझी आई गेल्यापासून क्वार्टरमध्ये दुसरा श्वास नव्हता, हेही खरं. खोक्याच्या लाकडांची त्यांची पेटी मी आतल्या खोलीत ठेवली. भांडं वाजलं तरी दोघे कोपऱ्यात एकमेकांत घुसायचे.

आत ऊन नाही, वारा नाही. म्हणून अंगणात लिंबाखाली जाळीचं कुंपण केलं. मुंगूस उकरून आत शिरू नये म्हणून जाळी हातभर जमिनीत पुरली. आणि एका सकाळी दोघांचे कान धरले, उचललं, आत सोडलं. तेवढ्यात मालगाडी शिट्टी देत गेली. मादी उसळून जाळीवर आदळली, नाकातून रक्त आलं. नर दोन दिवस घासाला तोंड लावेना. हात लावला तर त्याचं काळीज माझ्या तळव्याखाली असं धडधडत होतं, की मीच घाबरलो.

दूध घालायला येणाऱ्या तानुबाईनं पाहिलं. ती म्हणाली, "आबा, असा कान धरीसन कोनी उचलस का? त्यासनी पेटी बाहेर ठेवा. येतीन त्या, त्यासले वाटी तवय."

तसंच केलं: दोघांना परत पेटीत आणलं आणि त्यांना वाटेल तेव्हाच बाहेर येऊ द्यायचं ठरवलं. पेटीतलं जुनं गवत बदललं नाही, त्याला त्यांचा वास होता. चार दिवस पेटी दाराशी ठेवली, मग चार दिवस ओट्यावर, वर गोणपाट टाकून. नंतर गाडी गेल्यावर, सगळं शांत झालं की, तीच पेटी उचलून कुंपणात ठेवायची आणि दार उघडं टाकायचं. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग थोडा जास्त. रुळांच्या बाजूला गोणपाट बांधलं. मी जरा लांब, पाटावर बसायचो. हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. नुसतं बसायचं.

सहाव्या दिवशी मादी बाहेर आली. तिनं मेथीची काडी ओढली आणि पळत आत गेली. आज सकाळी दोघेही उन्हात अंग टाकून पसरले होते. मी मोठ्यानं हसलो. कुणाला तरी दाखवावं म्हणून मागे वळलो, तर घर रिकामं.

इंदे, मग मला पाटावरून उठवेना.

त्या ज्येष्ठात तू एरंडोलच्या सासरहून एकटी आलीस. त्याच आतल्या खोलीत तीन दिवस बसून होतीस. तांब्या पडला तरी दचकायचीस. तुझ्या पाठीवर काय होतं, ते तानुबाईनं मला सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी आजवर लोकांना सांगत आलो, ते खोटं आहे. चौथ्या दिवशी तू दाराची चौकट धरून उभी राहिलीस. मी तुझी बोटं एकेक करून सोडवली, एरंडोलला परत जायला धरणगावचं तिकीट काढलं आणि तुला गाडीत बसवून दिलं. वर तुझ्या सासऱ्यांना कार्ड टाकलं: 'मुलीला इतक्यात माहेरी पाठवू नये. चार महिन्यांत सवय होईल.'

पुढे दोन महिन्यांनी तू ते घर सोडलंस. चांगलं केलंस. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

तू इकडे ये, असं मी म्हणत नाही. मीही तुझ्या दारात येणार नाही. येत्या रविवारी मला सुट्टी आहे. सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं धुळ्याला येईन आणि मोटार स्टँडवरच्या बाकावर पाच वाजेपर्यंत बसेन. आलीस तर ठीक. नाही आलीस तरी माझा राग नाही.

'तुझे वडील' असं लिहायला हात वळत नाही.

चुडामण


धुळे,
ता. २९ नोव्हेंबर १९३७, सोमवार

ती. आबांस,

पत्र मंगळवारी पोचलं. ते कार्ड मला ठाऊक आहे. सासऱ्यांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं, नणंदा हसल्या होत्या. त्या घरातल्या मारापेक्षा तुमचं अक्षर मला जास्त दिवस दिसत राहिलं. हे कधीतरी तुम्हाला सांगायचं होतं, आज सांगितलं.

काल मी आले होते. स्टँडसमोर कापडाचं दुकान आहे, त्याच्या खांबाआड दोन वाजल्यापासून उभी होते. तुम्ही खूप वाळलात. टोपी मांडीवर ठेवून बसला होतात. डबा सोडलात, एक घास खाल्लात, पुन्हा बांधून ठेवलात. प्रत्येक टांगा थांबला की मान उचलायचात. उठून शोधायला मात्र निघाला नाहीत.

रस्ता ओलांडावा असं तीनदा वाटलं. एकदा निम्म्यापर्यंत आलेही, तेवढ्यात तुम्ही खोकलात आणि मी मागे फिरले. पाच वाजता तुमची मोटार सुटली, तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध उभी होते. टांगेवाल्यानं शिवी दिली.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. खोलीतल्या सोबतीणबाई, यशोदाबाई, विचारत होत्या काय झालं. त्यांना म्हटलं, माझे वडील आले होते. हा शब्द इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तोंडून आला.

येत्या रविवारी पुन्हा बसाल का? मी कुठवर येऊ शकेन, ते आज सांगता येत नाही. डबा दोघांपुरता आणा.

इंदिरा