धाकटीचं ताट

३ ऑक्टोबर २००६
पोचले एकदाची! प्लेनो शहराहून उत्तरेला दीड तास, शेवटची वीस मिनिटं कच्चा रस्ता, आणि मग नावाची पाटीही नसलेलं एक संशोधन केंद्र. केंद्राचे प्रमुख डॉ. गुरुदत्त स्वतः गाडी चालवत मला घेऊन आले. प्लेनोतली समस्त मराठी मंडळी त्यांना काका म्हणतात, मीही पहिल्याच दिवसापासून तेच सुरू केलं. त्यांच्या बायकोने, पद्मजाकाकूंनी, आठवडाभर पुरेल एवढा डबा दिलाय. राहायला छोटा ट्रेलर आहे. चावी माझी, शेगडी माझी, आणि कधी जेवायचं ते मी ठरवणार. यापेक्षा जास्त मी देवाकडेही मागितलं नव्हतं.

शेजारच्या मोठ्या कुंपणात सात तरसं आहेत, सगळ्या माद्या. आपल्याकडची पट्ट्यांची आणि एकलकोंडी, ही आफ्रिकेतली, ठिपकेवाली, कळपाने राहणारी. नागपूरला व्हेटर्नरी कॉलेजात तरस म्हटलं की सगळे नाक मुरडायचे. मुरडा म्हणावं. यांच्याएवढं डोकं तुमच्या वाघाला नाही.

८ ऑक्टोबर
कळपाचं राज्य बायकांचं, पण म्हणून न्यायाचं नाही. जिची आई वरची, ती जन्मतःच वरची. जेवण पायरीने. भेटताना खालचीने आधी मागचा पाय उचलून दाखवायचा, मग वरचीची मर्जी. भांडण झालं की बाकीच्या धावून जातात त्या वरचीच्याच बाजूने, खालची बरोबर असली तरी. बळी तो कान पिळी. केंद्रात सगळ्यांना नंबर आहेत, पण मी दोघींना नावं दिली. सगळ्यांत वर ती थोरली, सगळ्यांत खाली ती धाकटी.

इथला जुना रखवालदार वेन याने मला नियम शिकवले. कुंपणाचं फाटक रुंद आहे, त्याच्या दोन टोकांना दोन कड्या. दोन्ही एकाच वेळी ओढल्या तरच ते उघडतं, म्हणून आत जाताना बाहेर दुसरा माणूस हवाच.

माझा प्रयोगही तसाच. लांब अंतरावर दोन दोऱ्या टांगल्यात, दोघींनी एकदम ओढल्या की मांस खाली पडतं. थोरलीने दोरी तोंडात धरली, मागे वळून पाहिलं आणि धाकटी दुसऱ्या दोरीशी येईपर्यंत थांबली. थांबली! मी वहीत तीन उद्गारचिन्हं काढली. मांस मात्र सगळं थोरलीने खाल्लं.

२१ ऑक्टोबर
धाकटीचं वजन एक्केचाळीस किलो. काका म्हणाले, जानेवारीपर्यंत असंच घटत राहिलं तर तिला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं लागेल, केंद्राचा नियम आहे. मी विचारलं, तिला आधी वेगळं वाढलं तर? ते हसले. कळपाची रीत आपण मोडायची नसते म्हणाले.

रीत! दोन वर्षं धरमपेठेतल्या एका घरात मी धाकटी सून होते. पुरुष, मग सासूबाई, मग दोन जावा, मग मी, आणि माझ्या वेळेला पातेल्याचा तळ. तिथून निघाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, रीत म्हणजे रीत. त्या रीतीपायी मी सात समुद्र ओलांडले आणि इथे येऊन पुन्हा तीच पाळू?

उद्यापासून पहिलं ताट धाकटीचं. कुंपणाच्या बाजूच्या खिडकीतून, माझ्या हाताने.

१४ नोव्हेंबर
पंचेचाळीस किलो. जिंकले! बाकीच्या तिचा कान चावतात, पण खाल्लेलं तर कुणी काढून घेऊ शकत नाही ना.

काकांना कळलं. रागावले नाहीत, पण जे बोलले ते मला मुळीच आवडलं नाही. त्यांच्या मते मी धाकटीला वर चढवत नाहीये, स्वतः खाली उतरतेय. तरसांमध्ये जो तोंडचा घास सोडतो तो खालचा, आणि मी रोज धाकटीसमोर घास सोडून मागे होते. त्यांच्या लेखी कळपात आता आठ जणी आहेत. मी म्हटलं, काका, मी माणूस आहे. ते म्हणाले, ते तुला माहीत आहे. त्यांना कोण सांगणार?

मी वाढणं थांबवलेलं नाही.

१० डिसेंबर
थोरली रागावत नाही, याचंच नवल वाटतं. मी धाकटीला वाढते तेव्हा ती समोर बसून बघते. ताटाकडे नाही, माझ्याकडे. कधी येते, कुठल्या हाताने खिडकी उघडते, वेन सोबत आहे की नाही. परवा मी मुद्दाम वेगळ्या वेळी गेले, तर सातही जणी आधीच खिडकीकडे तोंड करून बसलेल्या. मी तशीच उभी राहिले आणि थोरलीच्या डोळ्याला डोळा भिडवला. घाबरवून घ्यायची सवय मी नागपूरलाच सोडून आलेय.

धाकटी पूर्वी कण्हल्यासारखी हसायची. घाबरलेलं तरसच असं हसतं. आता हसत नाही. आज मी ताट ठेवून जराशी रेंगाळले तर माझ्यावर गुरगुरली. अंगात ताकद आली म्हणून मी खूश झाले.

१३ जानेवारी २००७
सकाळपासून गोठणारा पाऊस. रस्त्यावर काच पसरावी तसा बर्फ. वीज गेली. वेनने फोन केला की त्याची गाडी उतारावरून घसरली, दोन दिवस येणं नाही, आणि मी एकटीने फाटकाला हातही लावायचा नाही. पण आतलं पाणी गोठलंय, त्याचं काय?

मग केला जुगाड. सातही जणींना त्यांच्या गुहांत बाहेरून झडपा सोडून कोंडलं, प्रयोगाच्या दोन दोऱ्या दोन कड्यांना बांधल्या, बाहेरून एकदम ओढून फाटक उघडलं आणि दोऱ्यांची टोकं जाळीतून आत घेतली. आत जाऊन फाटक लावून घेतलं, बर्फ फोडला, मग दोन्ही दोऱ्या एकदम ओढून फाटक आतून उघडलं आणि बाहेर आले. दुसरा माणूस लागलाच नाही! वेनला सांगेन तेव्हा बघण्यासारखा चेहरा होईल त्याचा.

तरसांना पुन्हा मोकळं सोडलं. दोऱ्यांच्या गाठी गोठल्यात, सुटेनात. टोकं जाळीवर उंच अडकवून ठेवलीत. उद्या कापेन.

१४ जानेवारी
उद्या संक्रांत. पद्मजाकाकूंचा फोन आला. हळदीकुंकू कॅन्सल केलं म्हणाल्या, तीळगूळ तसाच पडलाय. आणि मग एकदम, "हिमानी, तू ट्रेलरमधून बाहेर पडू नकोस हं बाळा. काका काळजी करतायत. म्हणतायत, एकटी असताना तरसांसमोर जाऊच नको म्हणावं."

मी म्हटलं, "काकू, धाकटीला कोण वाढेल?"

त्या काही म्हणणार तोच फोन बंद पडला. पुन्हा लागला नाही.

दोऱ्या कापायला गेले होते. सहा जणी फाटकाशी आल्या. मी म्हटलं, नंतर बघू.

१५ जानेवारी, सकाळी ९
कुंपणाबाहेरच्या खाद्यखोलीत आहे, मांस ठेवतात तिथे. धाकटीचं ताट भरायला आले. इथून खिडकीतून फाटक दिसतं. बर्फाच्या वजनाने दोऱ्या खाली आल्यात. टोकं जमिनीला टेकलीत.

थोरली त्यांच्याशी बसलीये. नुसती बसलीये.

९.२०
थोरलीने डावी दोरी तोंडात धरली. ओढत नाहीये. मागे वळून बघतेय.

वाट बघतेय.

ट्रेलर दोनशे पावलं, सगळा बर्फ. पळाले तर घसरेन. दार लावून इथेच थांबते. दुसरी दोरी धरायला कोण जाणार? बाकी पाच जणींना तो प्रयोग कधीच जमला नाही. जमतो तो फक्त धाकटीला. आणि तीन महिने मी तिला—

ती नाही जायची.

९.३५
धाकटी आली. खिडकीकडे पाहिलं. मी दिसले तिला, नक्की दिसले. मी ताट उचलून दाखवलं. ओरडले, धाकटे, इकडे ये!

तिने उजवी दोरी धरली.

९.४०
फाटक उघडं.

फ्रीझर दाराला लावलाय. खिडकीला गज आहेत. दाराला खाली दाबायचा दांडा आहे, कडी आतून नाही. कुणी असं दार बनवतं?

बाहेर पळापळ नाही. आवाज नाही. सहा जणी अर्धगोल करून बसल्यात. थोरली मधे. सातवी दाराशी. धाकटीच. तिलाच पुढे केलंय.

आता कळलं. तिला स्वतःच्या खाली कुणीतरी हवं होतं. इतकंच. घरीही असंच होतं. मी गेल्यावर मधली जाऊ शेवटची जेवत असणार, आणि नवी सून यायची वाट—

९.५५
दांडा हलला. एकदा. फ्रीझर बोटभर सरकला.

मी घाबरलेय. तरी लिहिते. पण पश्चात्ताप नाही. ऐकू येतंय का काका? ताट दिलं ते बरोबरच दिलं. उपाशी होती ती. उद्या पुन्हा कुणी उपाशी दिसली तर पुन्हा देईन, आणि ती मलाच चावली तरी—

१०.०५
फटीतून तोंड आत आलंय. चावत नाही. वास घेतेय. मग थांबली. थोरलीही उठून मागे उभी राहिलीये. सगळ्या माझ्याकडे बघतायत.

कळतंय मला काय हवंय. मी पाय उचलायचा. वाकायचं. मी आठवी म्हणून मान्य करायचं. कदाचित तेवढ्यावर सोडतील. कदाचित नाही.

सासूबाईंच्याही पाया मी निघताना पडले नव्हते.

कोपऱ्यातलं फावडं घेतलंय. पाठ भिंतीला, मान ताठ. धाकटे, ये. पण नीट बघून घे, ही बाई तुझ्या खालची नाही, थोरलीच्याही नाही, ही उभी आहे, दोन पायांवर, आणि उभीच रा—