माठामागचे किरण

८ मे १९५७, बुधवार
माझ्या माठाची जागा गेली. या क्वार्टरात गार कोपरा एकच, तिथं आता अच्युतची पेटी. नातू दिवाळीनंतर आज उगवला आणि पाया पडायच्या आधी माठ सरकवला. रागात वर श्री लिहायचं राहिलं. श्री.

नागपूरची राजधानी उचलून भोपाळला आणली, तेव्हा नीळकंठाच्या फायलींबरोबर मलाही आणलं. आईला विचारावं असं तेव्हाही वाटलं नाही त्याला.

संध्याकाळी
पेटीत काचा आहेत. मुंबईच्या लॅबवाल्यांनी फुग्याला बांधून आकाशात सोडल्या होत्या. ताऱ्यांपलीकडून कसले जोरकस किरण येतात, ते त्यात शिरतात म्हणे. दोन वर्षं खपून एवढंच हाती आलंय, त्यावर अच्युतची डॉक्टरी. औषधं देणारी नव्हे. फुगा लवकर खाली आला, किरण कमीच मिळाले असतील, म्हणाला. तोंड एवढंसं झालं होतं. पेटी उघडायची नाही, असं मला तीनदा बजावलं. मी काय लहान आहे? हात लावणार नाही. ठरलं.

९ मे
अच्युत सागरला गेला, कुणाचा तरी सूक्ष्मदर्शक बघायला. रविवारी येईल. पेटी पुसली. पुसणं म्हणजे हात लावणं नव्हे.

१० मे
माठ पाझरतोय. पेटीच्या तळाला ओल, कुबट वास. सुमित्राला दाखवलं, तर सूनबाई म्हणतात, राहू द्या आई. तिच्या लोणच्याला बुरशी येते ती याच 'राहू द्या'ने. मी उघडणार नाही. झाकण तेवढं सैल करीन.

११ मे, सकाळ
उघडलं. आतला काळा कागद दमट, काढावाच लागला. काचा दुधट, कोऱ्या. एक किरण दिसेल तर शपथ. दोन वर्षं पोरगं या कोऱ्या काचांसाठी झिजलं. आता मलाच बघायला हवं. किरण कमी पडलेत ना? भोपाळात मे महिन्यात किरणांना काय तोटा.

दुपार
गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्यांशेजारी काचा मांडल्या. शेजारची मिश्राइन विचारते, "अम्माजी, ये क्या सुखा रही हो?" मी सांगितलं, रिसर्च.

तासाभरात रंग धरला. उलटून दुसऱ्या अंगालाही ऊन दाखवलं. चार वाजता मस्त तपकिरी. फुग्याला एवढ्या उंचावर जाऊन जमलं नाही, ते आमच्या गच्चीवर झालं. डॉक्टर झाल्यावर माझं नाव छापायला हवं. मी मागणार नाही, पण हवं.

१२ मे, रविवार
अच्युत आला. मीच पेटी पुढे केली. त्याने एक काच उचलली आणि भिंतीला टेकून खाली बसला. ओरडला नाही. ओरडला असता तर मलाही बोलता आलं असतं.

"आजी, हे किरण आपल्या सूर्याचे गं," एवढंच म्हणाला.

मग सुमित्राने विचारून घेतलं. काचा फोटोसारख्या अंधारातच धुवायच्या होत्या, म्हणजे पलीकडच्या किरणांच्या रेघा उमटल्या असत्या. आता त्या उमटणार नाहीत. पुन्हा फुगा द्यायचा का नाही, ते त्याचे लॅबमधले प्रोफेसर ठरवणार. अच्युत जेवला नाही. मीही नाही, पण माझं पोट बिघडलं होतं.

१३ मे
प्रोफेसर ग्वाल्हेरला आलेत. परतताना उद्या इथं उतरून पेटी नेणार. नीळकंठ म्हणतो, गाडीत खराब झाल्या म्हणून सांगू. अच्युत म्हणतो, मी इथं ठेवल्या, चूक माझी. दोघांनाही गप्प केलंय. उद्या दार सुमित्राने उघडावं. पाणी नीळकंठाने द्यावं. प्रोफेसर विचारतील त्याचं उत्तर मी देईन. अच्युतने तोंड उघडायचं नाही.