म्हैस कोणाच्या नावे

मी, खाली सही करणारा, गुरांचा निवृत्त डॉक्टर, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही धाकाशिवाय (मुलाने फक्त भुणभुण केली), माझ्या माघारी काय कोणाचं ते राजीखुशीने लिहून ठेवतो.

घर मी हयातीतच मुलाच्या नावे केलं आहे, आणि बँकेतली ठेव मुलीच्या. त्यावरून कोणी पुन्हा तोंड उघडू नये. औषधांची पेटी, सुया आणि वासरू ओढायचा दोर मुलीला; तीही गुरांचीच डॉक्टर आहे. माझा गोठ्यात घालायचा कोट जाळून टाकावा. त्याचा वास आता मलाही सोसत नाही.

आता स्कूटर, जिला घरात आम्ही म्हैस म्हणतो. तिच्यावरून मी जन्मभर गोठे हिंडलो. आता मुलगी हिंडते. त्या पायवाटांवर मोटार जात नाही, आणि अडलेली गाय कोणासाठी थांबत नाही. म्हैस बंद पडत नाही, असं मी म्हणणार नाही. रोज सकाळी तिला कुशीवर कलती करायची, पेट्रोल उतरू द्यायचं, मग उभी करून किक मारायची. पण तिचं दुखणं कळतं तरी. प्लग पुसला की पुन्हा डुरकते.

मुलाची मोटरसायकल दिसायला माझ्या वडिलांच्या काळातली, वयाने वर्षाचीही नाही. गोल दिवा, तपकिरी सीट, काय तो थाट! एकदा डबक्यातून गेली आणि ठप्प झाली. पडद्यावर लाल खूण उमटली, ती काय म्हणते ते कंपनीच्या माणसालाही कळेना. शेवटी गवळ्याच्या टेम्पोत बसून घरी आली. मी एवढंच म्हणालो, "भरवशाच्या म्हशीला टोणगा!" तेव्हापासून तिचं नाव टोणगा पडलं, आणि चिरंजीवांनी अबोला धरला.

तो सोडला तेव्हा म्हणाले, "बाबा, म्हैस माझ्या नावे लिहा. माझ्या कॉफीच्या दुकानात काचेमागे ठेवतो. गिऱ्हाइकं फोटो काढतील."

"आणि ताईने गोठ्यांवर जायचं कसं?"

"त्यात काय, मी सोडेन की टोणग्यावरून!"

मुलगी तिथेच हात धूत होती. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. तिचं सगळं काम त्या स्कूटरवर चालतं.

पण त्याची आई लवकर गेली, आणि तेव्हापासून या पोराला तोंडावर नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. शब्द देऊन बसलो. दिलेला शब्द पाळतो: स्कूटर मुलाला. तसाच पायाने हवा भरायचा माझा पंप शेजाऱ्याला. तो कधीचा त्याच्याकडेच आहे, आणि "मी नेलाच नाही" असं तो शपथेवर सांगतो.

शेवटचं कलम. वकीलबाई सांगतात की मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून जो सही करतो, त्याला त्यातली कवडीही मिळत नाही. अशी जी जी वस्तू बाद होईल, ती मुलीला मिळावी. साक्षीला मी मुलाला आणि शेजाऱ्याला बोलावलं आहे. मुलाने आताच स्कूटरचं कलम तेवढं वाचलं, "बाबा, तुम्ही म्हणजे ना!" म्हणत मला मिठी मारली, आणि पेन शोधायला आत गेला आहे. तो येईपर्यंत हे लिहून पुरं करतो.

पोरा, माझा जीव तुझ्यावरच आहे. भरवसा मात्र ताईवर.

स्थळ: मुलाच्या घराचा व्हरांडा
दिनांक: १९ मार्च, सोमवार

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार:
१. मुलगा (सही, खाली दोन रेघा ओढून)
२. शेजारी (सही, पेन अजून परत दिलेलं नाही)