बाबांनी बदललेला पासवर्ड

रविवार, १४ जून. संध्याकाळ.

स्वतःच्या पगारातून घेतलेला गेमचा कन्सोल आज टीव्हीला जोडला. वायफायचा पासवर्ड टाकला, तर चुकीचा. परत टाकला, परत चुकीचा. बाबांनी सकाळीच सिडकोतल्या नेटवाल्याकडून तो बदलून घेतला होता.

"देवळ्याच्या चांगल्या मुलाला नाही म्हणालीस, आणि आता तिसाव्या वर्षी गेम खेळत बसणार?" बाबांनी पेपरमधून मानही वर केली नाही.

कनेक्शन माझ्या नावावर, बिल मी भरते. मागच्या रविवारी त्याच मुलाच्या काकांना हेच बाबा पासवर्डचं एकेक अक्षर सांगत होते, चहा गार होईपर्यंत. परक्या माणसाला लगेच. मला?

शेवटी आईने स्वयंपाकघरात हळूच सांगितला. दादाचं नाव आणि त्याचं जन्मसाल. दादा बंगळुरूला असतो, दिवाळीपासून घरी आलेला नाही. त्याच्या नावाचं एकेक अक्षर मी कंट्रोलरने टाकलं. कन्सोल जोडला गेला, पण खेळायची इच्छाच गेली.

मग रागाने मोबाइलवरून पासवर्ड बदलून टाकला. पाच मिनिटांत बाबांचं फोनवरचं कीर्तन अडकलं. दारात येऊन त्यांनी फोन पुढे केला.

"नेट गेलंय, बघ जरा."

तेव्हा भांडायला हवं होतं का? मी नवा पासवर्ड टाकून फोन परत दिला. यावेळी माझं नाव ठेवलंय. पासवर्ड काय ठेवलाय, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.