देवदूताचा डावा गाल

सोम. २ मार्च
सकाळी घरकाम उरकून तुकडे मोजले. एकूण ११७. पिठाचे चार डबे आणि एक जुनी परात भरली. जानेवारीतल्या भूकंपाच्या धक्क्यात आमच्या ख्रिस्ती देवळाच्या दर्शनी भिंतीवरची सगळी नक्षी अंगणात आली, तेव्हा मी चाळणी घेऊन बसले होते. लोक हसले. हसू देत. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर एकेक लिहून ठेवलंय: पंखाचे ३१, वेलीचे ४४, चेहऱ्याचे ९, बाकी ओळख न पटलेले.

काल मिस्सानंतर समितीची बैठक. ह्यांचं मत सिमेंटची सपाट भिंत. मी ऐकत नाही असं बघून घरी येऊन परत सगळं सांगितलं. होटगीला रेल्वेत तीस वर्षं काढली, सरळ रेषेशिवाय ह्यांना काही पटत नाही. फादर म्हणाले, एक संधी देऊ. बसण्णा मिस्त्रींनी दारावरचा उजवा देवदूत आणि त्याच्या बाजूची वेल जुन्या पद्धतीनं चुन्यात करून दाखवायची. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी, २९ला, इंजिनिअर ठोकून बघणार. टिकलं तर सगळं जुन्यासारखं. नाही तर सपाट.

पाहणीला पुण्याहून आलेल्या बाई म्हणाल्या, ही बरोक धाटणी. असेल. मला तर लहानपणापासून ती वळणं चकलीच्या सोऱ्यातून पाडल्यासारखी वाटतात.

गुरु. ५
बसण्णा अक्कलकोटकडचे. कानडी-मराठी मिसळून बोलतात, मला अक्का म्हणतात. सामान सांगितलं: मुरवलेला चुना, बारीक वाळू, हिरडा, बेलफळाचा गर, गूळ. हिरडा-गूळ पाण्यात भिजवून पंधरा दिवस ठेवायचा, त्या पाण्यानं चुना मळायचा. "गुळाशिवाय चुना पकड धरत न्हाय अक्का. लई गूळ लागतो."

महिला मंडळात विषय काढला. सध्या उपवासकाळ. मी म्हटलं, ईस्टरपर्यंत चहा बिनगोडाचा प्यायचा आणि वाचलेला गूळ देवदूताला. सगळ्या हो म्हणाल्या. सुनंदा कुरकुरली, "माझा तर साखरेचा असतो गं." म्हटलं, मग गूळ विकत आण आणि साखर सोड.

रवि. ८
अकरा घरांचा गूळ आला. कुणी पुडीत, कुणी डब्यात, सुनंदाने अख्खी ढेप. निळ्या पिंपात भिजवला, वेदीमागच्या खोलीत ठेवला. किल्ली माझ्याकडे. बसण्णा म्हणाले झाकून ठेवा. बाकी काही बोलले नाहीत. (ही ओळ नंतर मुद्दाम घातली.)

बिनगोडाचा चहा म्हणजे औषध. ह्यांनी मात्र माझ्यासमोर दोन चमचे साखर घालून ढवळला. ढवळतच राहिले.

मंगळ. १०
चेहऱ्याचा एक तुकडा उन्हात धरून पाहिला. डावा गाल. तुटलेल्या कडेला पापुद्रे दिसतात, पांढऱ्यावर पांढरा, त्यावर पांढरा. दर नाताळाला चुन्याची सफेदी व्हायची ना. ती माझे वडील, अप्पा, करायचे. घंटा पण तेच वाजवायचे. शिडीवर मला पुढ्यात बसवून देवदूताच्या पायाला हात लावायला द्यायचे. पापुद्रे मोजायला गेले, पण तेवीसनंतर डोळ्याला पाणी आलं.

तुकडा वेगळा ठेवला. डब्यात नाही, कपाटात.

शुक्र. १३
क्रुसाच्या वाटेची भक्ती होती, म्हणून दुपारी खोली झाडायला गेले. दार उघडलं तर वास! पिंपावर फेस, वर चिलटं. आत पाहिलं तर गढूळ, आंबूस. उन्हाळा लागलाय, नासणारच. एवढ्या घरांचा गूळ वाया गेला म्हणून जीव हळहळला, पण वेदीमागे असली घाण ठेवायची? दोन बादल्या करून सगळं मोरीत ओतलं. पिंप राखेनं घासून उन्हात पालथं घातलं. बरं वाटलं.

शनि. १४
बरं कसलं.

बसण्णा सकाळी आले. पालथं पिंप बघून आधी हसले, वाटलं मी पाणी दुसऱ्या भांड्यात काढलं. मी सांगितलं, नासलं होतं, टाकलं. ते मटकन पायरीवर बसले.
"अय्यो अक्का. नासलं नव्हतं. पिकत हुतं."
"फेस आला होता हो."
"फेसच पायजे हुता की!"

म्हणजे अकरा घरांचा उपवास मी मोरीत ओतला. आणि उरले पंधरा दिवस. नवं पाणी भिजवून ते मुरेपर्यंतच तेवढे जातील, मग देवदूत कधी करायचा आणि इंजिनिअरला काय दाखवायचं?

घरी भाकरी करपली.

रवि. १५
पापनिवेदन केलं. फादर म्हणाले, हे पाप नाही, ही स्वच्छता. मग हसू आवरत नव्हतं त्यांना. प्रायश्चित्त म्हणून एक जपमाळ आणि सगळ्यांना स्वतःच्या तोंडाने सांगायचं.

मिस्सानंतर महिला मंडळात उभी राहिले आणि सांगितलं. सुनंदा म्हणाली, "म्हणजे आता मोरी पक्की झाली!" सगळ्या बायका हसल्या. मला रडू आलं. संध्याकाळपर्यंत नऊ घरांतून परत गूळ आला. सुनंदाची अर्धी ढेप. पण दिवस कुठून आणायचे?

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. वाटलं, आता म्हणणार, बघ, सिमेंटला असली थेरं लागत नाहीत. ह्यांनी हात धुतले, मागच्या दारी गेले, गोडेतेलाचा पाच लिटरचा कॅन आणून पुढ्यात ठेवला. बूच काढलं तर तोच वास.
"हे कुठलं?"
"गुरुवारी काढलं होतं पिंपातलं. बसण्णा म्हणाला गुलाबाला चांगलं असतं."
"किल्ली तर माझ्याकडे!"
"तू पोळ्या करत होतीस, तेव्हा नेली."
चोर कुठला. मी कॅन उराशी धरला. लुगड्याला वास लागला तो लागला.

सोम. १६
बसण्णांनी कॅन हुंगला, बोट बुडवून चाखला. "ह्येचं इरजण लावू. ऊन कडक हाय, आठवड्यात येतंय." दह्याला लावतात तसंच. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर. विरजण तर मला कळतं की.

आता पिंपावर माझ्याच हाताने चिठ्ठी: 'वास येणार. ओतू नये.'

गुरु. १९
पाडवा. बसण्णांना सुट्टी, तरी आले, कडुनिंब-गुळाची वाटी घेऊन. मी म्हटलं, मी गूळ सोडलाय. "सणाचं हाय अक्का, न्हाय म्हनू नये." आज संत योसेफाचाही सण, उपवास सुटतो. खाल्ला. इतक्या दिवसांनी गूळ, आणि आला तोही कडू. पिंपावर फेस आला. मी आणि बसण्णा दोघंही वाकून बघत होतो, पाळण्यात बघावं तसं.

मंगळ. २४
देवदूत वर चढला. पंख जवळजवळ सगळा जुना बसला. ११७ पैकी ६८ लागले, वहीत खूण केली. चेहऱ्याचे नऊ तुकडे पुरत नव्हते. नाक, कपाळ, उजवी बाजू बसण्णांनी नवी घडवली. डोळे जरा नंदीसारखे मोठे झालेत. फादर म्हणाले, चालेल, स्वर्गात गोठाही असेल. डावा गाल कपाटातून काढून मीच दिला. बसवण्याआधी बसण्णांनी पापुद्रे पाहिले. विचारलं, खरवडू का? मी म्हटलं, नको.

शुक्र. २७
ओली पोती पांघरलीत देवदूताला. दिवसातून तीनदा पाणी मारायचं. दुपारी दोनचं ऊन सोलापूरचं, पाणी मारता मारता वाळतंय. पाय भाजले. ह्यांनी पाहिलं.

रवि. २९
झावळ्या आशीर्वादित झाल्या, मिरवणूक दारावरच्या पोत्याखालून आत गेली. इंजिनिअर साहेब शिडीवर चढले. पोतं बाजूला केलं, बोटाने ठोकलं, कान लावला. मी जपमाळेचे मणी चुकवत होते. खाली उतरून म्हणाले, "पकड चांगली दिसते. पण ओलं आहे. चुन्याचं आत्ताच कसं सांगणार? तीन आठवडे तरी द्या."

समितीत कुजबुज. पावसाआधी भिंत पुरी व्हायला हवी, थांबायचं कसं. ठरलं: ईस्टरनंतरच्या रविवारी हात वर करून निर्णय. थांबायचं की सिमेंट. चार त्या बाजूला, चार ह्या. नववे आमचे हे.

घरी येताना विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलंही नसतं.

सोम. ३०
दुपारी डोळा लागला. जाग आली तेव्हा अडीच. पाण्याची वेळ चुकली म्हणून तशीच पदर खोचत धावले. देवळापाशी पोहोचले तर पोती ठिबकत होती. शिडीच्या वरच्या पायरीवर हे, डोक्याला टॉवेल, हातात झारी. हे पोत्याची कड उचलून आत बघत होते. मग झारी दुसऱ्या हातात घेतली आणि डाव्या गालावर, हळू, अगदी धार पडू न देता, पाणी सोडलं.